“मिस, तुम्ही कधी जाणार?” – जेम्स बेच्या काठावर, क्री गावात शिकवताना

उत्तरवाट · ६ एप्रिल, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. चार-पाच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. मागे कॅनडातल्या नोकऱ्यांच्या धाग्यावर मी एका ओळीत लिहिलं होतं की उत्तर ओंटारिओत क्री या आदिवासी लोकांच्या गावात शिकवते. त्यावर तिघांचे व्यनि (व्यक्तिगत निरोप) आले. तिघांनाही तुटक उत्तरं देण्यापेक्षा इथेच सविस्तर लिहिते.

गाव जेम्स बेच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे. नाव लिहीत नाही. दीड-दोन हजारांची वस्ती, त्यात भारतातून आलेली बाई मी एकटी. गावाचं नाव लिहिलं की मुलंही ओळखू येतील. नकाशात हडसन बेच्या तळाशी जो निमुळता तुकडा खाली उतरलेला दिसतो तो जेम्स बे. त्याच्या या बाजूला मूस फॅक्टरी, फोर्ट ऑल्बनी, काशेचवान, अ‍ॅटावापिस्कॅट अशी क्री गावं आहेत. इथे बारमाही रस्ता येत नाही. कॉक्रेनहून मूसनीपर्यंत आगगाडीने पाच तास, तिथे रूळ संपतात. पुढे विमान. कडाक्याच्या थंडीत दलदल आणि नद्या गोठल्या की त्यांच्यावरून बर्फाचा रस्ता तयार करतात. डिझेल, बांधकामाचं लाकूड, कुणाची नवी गाडी, सगळं त्या थोड्या आठवड्यांत येतं. यंदाचा रस्ता नुकताच बंद झाला.

मी मूळची वाईची. बी.एड. करून सातारा जिल्ह्यात सात वर्षं शिकवलं. मग टोरोंटोजवळ मिसिसॉगाला आलो, तिथे ओंटारिओचं शिक्षक प्रमाणपत्र मिळवलं आणि बरीच वर्षं बदली शिक्षिका म्हणून काम केलं. लेक कॉलेजला गेली, तेव्हा नवऱ्याशी बोलून इकडचा अर्ज भरला. हे माझं तिसरं वर्ष.

पहिला दिवस सांगते. सहावीचा वर्ग, सतरा मुलं. फळ्यावर नाव लिहून मी वळले, तर पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, “मिस, तुम्ही कधी जाणार?” मला वाटलं, आज घरी कधी जाणार असं विचारतेय. म्हटलं, साडेतीनला. ती म्हणाली, “तसं नाही. ख्रिसमसला, की जूनमध्ये?”

या वर्गाने आदल्या एका वर्षात तीन शिक्षक पाहिले होते. कुणी नाताळच्या सुट्टीला गेलं ते आलंच नाही, कुणाला फेब्रुवारीत सहन झालं नाही. दरवेळी नव्या माणसाने पुस्तकाचा पहिला धडा उघडला. अपूर्णांकांची पहिली दहा पानं त्या मुलांना पाठ होती, अकरावं कुणी शिकवलंच नव्हतं. हे मी अतिशयोक्ती करून लिहीत नाही, वह्या माझ्याकडे होत्या.

सुरुवातीचे दोन महिने वर्ग गप्प. प्रश्न विचारला की सतरा चेहरे खाली. मी नाव घेऊन विचारायचे, तशी मुलं आणखी मिटायची. माझ्या वर्गात मदतनीस म्हणून गावातल्याच एक बाई आहेत, वीसेक वर्षं शाळेत आहेत. त्यांनी एक दिवस मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, “तू प्रश्न विचारतेस आणि उत्तरही तूच देतेस. थांबत नाहीस.” चारचौघांत एकाला उभं करून विचारणं इथे अपमानासारखं वाटतं, आणि माणूस बोलण्याआधी वेळ घेतो. मग मी प्रश्न विचारून मनात वीस आकडे मोजायला लागले. वीस आकडे किती लांब असतात ते फळ्यासमोर उभं राहूनच कळतं. पण उत्तरं यायला लागली.

भाषेचंही तसंच. इंग्रजी निबंधात एका मुलाने आजोबांबद्दल लिहिलं, ‘ती शिकारीला गेली.’ मी लाल पेन घेतलं. मदतनीस बाई म्हणाल्या, क्रीमध्ये तो आणि ती असा भेदच नाही. भेद आहे तो सजीव आणि निर्जीव. आणि सजीवांत माणसं, प्राणी आहेतच, शिवाय दगड, चमचा आणि बर्फावर चालायचे जाळीचे जोडेही आहेत. तेव्हापासून मी ती चूक आधी फळ्यावर दोन भाषा शेजारी मांडून दाखवते, मग दुरुस्त करते.

आता बदकांच्या सुट्टीबद्दल. (निस्का म्हणजे कॅनडा गूस. मराठीत हंस म्हणावं की बदक, मला ठरवता येत नाही. आकार हंसाकडे झुकणारा.) एप्रिलअखेर हे पक्षी दक्षिणेकडून परततात आणि सगळं गाव नदीकाठच्या, खाडीकाठच्या कॅम्पवर जातं. आमची शाळा दोन आठवडे अधिकृतपणे बंद असते. पहिल्या वर्षी मी ती सुट्टी मिसिसॉगाला काढली. दुसऱ्या वर्षी एका आजींनी बोलावलं म्हणून कॅम्पवर गेले.

तंबूत जमिनीवर स्प्रूसच्या फांद्या अंथरतात. नुसत्या टाकत नाहीत, प्रत्येक फांदीचा देठ पुढच्या फांदीच्या शेंड्याखाली दडवायचा, कौलं लावतो तशा ओळी. म्हणजे देठ अंगाला टोचत नाहीत आणि खालचा गारवा वर येत नाही. त्या हिरव्या वासात बसून आजी पिसं काढत होत्या. त्यांचा नातू माझ्या वर्गातला, सप्टेंबरपासून माझ्याशी मोजून चार वाक्यं बोललेला. मी एक पक्षी मांडीवर घेतला आणि ओढायला लागले तर कातडी फाटली. तो उठून आला, माझं मनगट धरलं आणि म्हणाला, “असं नाही. थोडी थोडी. अंगठ्याने कातडी दाबून ठेवायची.” मग छातीची आधी की पाठीची, पंख कुठे तोडायचे, उरलेली लव जाळावर धरून कशी भाजून काढायची, वारा कुठून असला की पक्षी कसे उतरतात, तासभर बोलत होता. दहा-बारा वर्षांचं पोर, पण दर वाक्याला माझ्याकडे बघून थांबायचा, मला समजलं का याची खात्री करायचा. वर्गात मला जे जमत नव्हतं ते तो सहज करत होता.

आज इतकंच. विचारा काय विचारायचं ते, जमेल तसं उत्तर देईन. नेट कधीकधी जातं, उशीर झाला तर राग मानू नये.

---

मिसिसॉगाकर · ६ एप्रिल, रात्री १०.४५

फार सुंदर लिहिलंय. वाचनखूण साठवली आहे. माझी बायको पुण्याची बी.एड. आहे, इथे अजून वर्गात पाय ठेवायला मिळालेला नाही. तिथे नोकरी मिळते कशी? राहायची सोय? आणि आम्ही शाकाहारी आहोत, निभावेल का?

---

लिपीवेडा · ७ एप्रिल, सकाळी ७.३०

क्री लिपीबद्दल लिहा ना! ती देवनागरीवरून सुचली असं कुठेतरी वाचलं होतं. खरं आहे का? शाळेत ती शिकवतात का?

---

उत्तरवाट · ७ एप्रिल, रात्री ८.२०

@मिसिसॉगाकर, जाहिराती वसंतात येतात, पण जागा वर्षभर रिकाम्या होत असतात. ओंटारिओचं शिक्षक प्रमाणपत्र आणि पोलीस तपासणी दोन्ही आधी करून ठेवावं. भारतातल्या बी.एड.चं मूल्यमापन होतं, काही जणांना जादा अभ्यासक्रम करावे लागतात, त्यात वेळ जातो. घर शाळेकडून मिळतं, बहुधा दुसऱ्या शिक्षकाबरोबर वाटून घ्यावं लागतं. अर्ज करताना गावातल्या शिक्षण मंडळाला एक गोष्ट नक्की विचारा: गावातली घरं अपुरी असताना शिक्षकांची सोय कशी करतात? या उत्तरावरून पुष्कळ कळतं.

शाकाहारी माणूस निभावतो, पण तयारी दक्षिणेतच करायला हवी. गावात एकच दुकान आहे आणि विमानाने आलेल्या भाजीचा, दुधाचा भाव बघून पहिल्या महिन्यात पोटात गोळा येतो. मी ऑगस्टमध्ये झाकणाचे मोठे प्लास्टिकचे डबे भरून आणते: तूरडाळ, मसूर, कणीक, पोहे, भाजणी, मेतकूट, आमसुलं. कुकर नक्की आणावा. नळाचं पाणी मी पीत नाही. पिण्याचं पाणी शुद्धीकरण केंद्रावरून कॅनमध्ये भरून आणते, गावातलेही तसंच करतात. आणि कुणी घरी बोलावून बॅनॉक दिला तर घ्यावा. मैद्याची जाड भाकरी म्हणा, कधी तव्यावर, कधी तेलात. चहाबरोबर गरम बॅनॉक आणि जॅम, त्यात सगळ्यांना चालणारं सगळं आहे.

@लिपीवेडा, तुमच्या प्रश्नाचीच वाट बघत होते.

वर्गाच्या भिंतीवर तक्ता आहे. पहिल्यांदा बघितला तेव्हा पाच मिनिटं तिथेच उभी राहिले. आडव्या-उभ्या रकान्यांत मांडलेली चक्क बाराखडी. व्यंजनाला आकार असतो आणि स्वराला दिशा. इंग्रजी व्ही अक्षरासारखा कोन घ्या. टोक खाली असेल तर ‘पे’. टोक वर केलं की ‘पि’. उजवीकडे वळवलं की ‘पो’, डावीकडे वळवलं की ‘प’. ‘त’चा आकार वेगळा, ‘क’चा वेगळा, पण फिरवण्याची युक्ती तीच. नुसता स्वर असेल तर त्रिकोण, तोही तसाच चार दिशांना. दीर्घ करायचं तर डोक्यावर टिंब. शेवटी हलन्त व्यंजन आलं तर वरच्या बाजूला छोटंसं चिन्ह. एवढं कळलं की वाचता येतं. म्हणूनच १८४० नंतर ही लिपी कुठल्याही शाळेशिवाय, कॅम्पवरून कॅम्पवर, एकाने दुसऱ्याला शिकवत शेकडो मैल पसरली.

छापील इतिहासात श्रेय जेम्स इव्हान्स या मिशनऱ्याला देतात. तो आजच्या मॅनिटोबातल्या नॉर्वे हाउसला होता. चहाच्या पेट्यांना आतून लावलेलं शिसं वितळवून त्याने छपाईचे खिळे पाडले आणि कातड्यांचे गठ्ठे दाबायच्या यंत्रावर छापलं असं सांगतात. त्याला देवनागरी आणि पिटमनचं लघुलेखन या दोन्हींची ओळख होती, दोन्हींची छाया या लिपीत आहे असं अभ्यासक मानतात. क्री लोकांची परंपरा मात्र वेगळं सांगते: कॉलिंग बॅजर नावाच्या ज्येष्ठाला ही अक्षरं आत्म्यांच्या लोकातून मिळाली. माझ्या वर्गात मी दोन्ही सांगते, आणि कॉलिंग बॅजरची गोष्ट आधी सांगते. ती त्यांच्या घरातली आहे.

मुलांना मी तक्त्याशेजारी आपली प-पि-पे-पो लिहून दाखवली. पुढच्या बाकावरची ती मुलगी बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “तुमची अक्षरं वळत नाहीत, दागिने घालतात.” वेलांटी, मात्रा, काना. मी लहानपणापासून मराठी बाराखडी बघतेय, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

---

सातपुड्याचा_मास्तर · ८ एप्रिल, रात्री ९.५५

ताई, धडगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. तुमचा धागा दोनदा वाचला.

माझी पोरं घरी पावरी बोलतात. पहिलीत येतात तेव्हा प्रमाण मराठी त्यांना तुमच्या पोरांच्या इंग्रजीइतकीच परकी. पाठ्यपुस्तकातलं पहिलं चित्र दाखवलं की पोरगं त्याचं नाव त्याच्या भाषेत बरोबर सांगतं, आणि आपण म्हणतो ‘चूक’. हे मी पहिली दोन वर्षं केलंय. त्याची आजही रुखरुख वाटते. आता शब्दांच्या चिठ्ठ्या करून ठेवल्यात, पावरी एका बाजूला, मराठी दुसऱ्या.

दिवाळीनंतर अर्धा वर्ग रिकामा होतो. आईबाप ऊसतोडीला जातात, पोरं मागोमाग. होळीच्या आधी भोंगऱ्याचे बाजार भरतात तेव्हा कोणी शाळेत येत नाही, यायची अपेक्षा तरी का ठेवावी? पण हजेरीपटावर ती सगळी गैरहजर. तुमच्याकडे शिकारीची सुट्टी अधिकृत आहे हे वाचून मी बायकोला वाचून दाखवलं. हे कसं झालं? सरकारने दिली, की गावाने घेतली?

---

काळी_माती · ९ एप्रिल, सकाळी ११.१५

लेखन प्रामाणिक आहे, म्हणूनच प्रामाणिकपणे विचारतो. कॅनडाने या लोकांची मुलं शाळांच्या नावाखाली आईबापांपासून तोडली हे आता जगजाहीर आहे. तिथे पुन्हा बाहेरून आलेल्या माणसाने इंग्रजी शिकवायला जाणं, म्हणजे तेच काम गोड आवाजात करणं नाही का? गावातलेच शिक्षक का नाहीत? तुम्हाला दुखवायचा हेतू नाही. आमच्याकडे आश्रमशाळा जवळून पाहिल्यात, त्यातून हा प्रश्न आलाय.

---

उत्तरवाट · १० एप्रिल, रात्री १०.०५

@सातपुड्याचा_मास्तर, तुमचा प्रतिसाद मी आमच्या मदतनीस बाईंना इंग्रजीत सांगितला. ‘आजही रुखरुख वाटते’ हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, त्या शिक्षकाला सांग, चिठ्ठ्यांवर आवाजही टिपून ठेव, म्हाताऱ्यांचा. मोबाइलवर करता येईल. मी निरोप पोचवतेय.

सुट्टी गावाने घेतली. शाळा गावाच्या शिक्षण मंडळाकडे आहे, पैसा केंद्र सरकारकडून येतो, पण दिनदर्शिका मंडळ ठरवतं. आपल्यासारखेच यांचेही सहा ऋतू आहेत, फक्त वाटणी वेगळी. पाणी गोठण्याचा मिकिस्काव हा स्वतंत्र ऋतू, आणि बर्फ फुटून पाणी मोकळं होण्याचा मिनोस्कमिन हा स्वतंत्र ऋतू. या दोन्ही काळात नदीवर ना होडी चालते ना स्किडू (बर्फावरून चालणारी मोटरगाडी), माणूस जिथे आहे तिथे अडकतो. ज्याचं आयुष्य नदीवर आहे तो हे दिवस ‘हिवाळ्याचा शेवट’ म्हणून उरकणार नाही, त्याला नाव देणारच. वर्गात मी हे सहा आणि आपले वसंत-ग्रीष्म-वर्षा शेजारी लिहिले होते. पावसाला अख्खा ऋतू दिलाय याचं मुलांना फार कौतुक.

@काळी_माती, दुखावले नाही. हा प्रश्न इथे आल्यापासून माझ्याबरोबर आहे.

ज्या आजींच्या कॅम्पवर गेले त्यांना सगळे कूकमच म्हणतात, म्हणजे आजी. पहिल्या वर्षी त्या नातवाला न्यायला रोज यायच्या. उणे तीस असलं तरी शाळेच्या दारापासून वीस पावलांवर स्किडू थांबवायच्या आणि बाहेरच उभ्या राहायच्या. आत या, गरम आहे, असं मी दोन-तीनदा जाऊन सांगितलं. त्या हसून मान हलवायच्या. पालकसभेला आल्या नाहीत. मी मनात ‘अनास्था’ असा शब्द लावून मोकळी झाले होते. मदतनीस बाईंनी सांगितलं, कूकम सेंट अ‍ॅन्सला होत्या.

सेंट अ‍ॅन्स ही फोर्ट ऑल्बनीची निवासी शाळा, १९७६ पर्यंत चालली. या किनाऱ्यावरची मुलं तिथे नेली. क्री बोललं तर मार. शिक्षा म्हणून घरगुती बनावटीच्या विजेच्या खुर्चीत मुलांना बसवत, हे तिथून सुटलेल्यांनी पोलिसांना आणि न्यायालयात सांगितलेलं आहे. देशभरात अशा शाळांत सुमारे दीड लाख मुलं गेली. २००८ मध्ये पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. २०१५ मध्ये सत्य आणि सलोखा आयोगाने ९४ मागण्या मांडल्या, त्यात शिक्षणावरच्या पुष्कळ आहेत. पण माफी मागितली म्हणून कूकमना शाळेचा दरवाजा ओलांडता येईल असं थोडंच आहे?

म्हणून तुमचं म्हणणं मला पटतं. या गावाला गावातलेच शिक्षक हवेत. आमच्या मदतनीस बाईंना माझ्यापेक्षा जास्त शिकवता येतं. त्यांच्याकडे पदवी नाही, कारण पदवीसाठी लेकरं सोडून दक्षिणेत जाऊन राहावं लागलं असतं. आता त्या अंतरावरून अभ्यास करतायत. त्यांचे निबंध तपासून देणं हे मी इथल्या माझ्या कामांपैकी सगळ्यात महत्त्वाचं मानते. त्या पात्र झाल्या की माझा वर्ग त्यांचा.

पण तोवर? फळ्यासमोर कुणीच नसलेला वर्ग मी पाहिलाय. शिक्षक न मिळाल्याने आठवडेच्या आठवडे मुलं घरी. बाहेरून येणारा माणूस हे उत्तर नाही, पण तो आला आणि चार महिन्यांत गेला तर जे होतं ते मी त्या वह्यांत बघितलंय. त्यामुळे आलोच तर टिकायचं, ऐकायचं, आणि जागा भरेल तेव्हा सोडायची, एवढं माझ्यापुरतं ठरवलंय.

आणि इथली मुलं शाळेचा तिरस्कार करतात असं कुणाला वाटत असेल तर शॅनन कुस्ताचिनबद्दल वाचा. अ‍ॅटावापिस्कॅटची मुलगी. तिथली प्राथमिक शाळा जमिनीत झिरपलेल्या डिझेलमुळे २००० साली बंद केली आणि मुलांना तात्पुरत्या खोल्यांत बसवलं. दारं नीट लागत नाहीत, आत थंडी, एका खोलीतून दुसरीत जायचं तर कोट चढवून बर्फातून. नव्या इमारतीची आश्वासनं येत राहिली. २००८ मध्ये आठवीच्या मुलांनी सहलीचा बेत सोडून ऑटावा गाठलं आणि १३ वर्षांच्या शॅननने मंत्र्यांसमोर बसून शाळा मागितली. पैसे नाहीत असं उत्तर मिळालं. पुढच्या शिक्षणासाठी तिला गाव सोडून शेकडो किलोमीटर दूर जावं लागलं आणि २०१० मध्ये, १५ वर्षांची असताना, ती मोटार अपघातात गेली. तिच्या मित्रमैत्रिणींनी आणि देशभरच्या शाळकरी मुलांनी पत्रं लिहिणं थांबवलं नाही. फेब्रुवारी २०१२ मध्ये संसदेने आदिवासी मुलांच्या शिक्षणाबाबतचा ‘शॅननचं स्वप्न’ हा ठराव एकमताने केला. गावात शाळा उभी राहिली २०१४ मध्ये. ज्या मुलांसाठी तिने मागितली ती तोवर मोठी झाली होती.

---

हिमगौरी · ११ एप्रिल, दुपारी १.४०

मी जेम्स बेच्या पलीकडच्या, क्वेबेकच्या बाजूला दोन वर्षं चिसासिबीला होते. एक भर घालते, नाहीतर सगळी क्री गावं एकसारखी असं चित्र होईल. तिकडे १९७५ चा करार झाला, त्यातून क्री लोकांचं स्वतःचं शाळा मंडळ आलं आणि सुरुवातीच्या इयत्तांत क्री माध्यम आणता आलं. चिसासिबीला रस्ताही आहे. पण तो करार झाला कशामुळे? ला ग्रांद नदीवरच्या महाकाय जलविद्युत प्रकल्पामुळे. नदीच बदलली, आणि फोर्ट जॉर्ज बेटावरचं अख्खं गाव १९८०-८१ च्या सुमारास उचलून आत आणलं. बेटावर अजूनही लोक उन्हाळ्यात जमतात. कोयनेच्या, धरणाखाली गेलेल्या गावांच्या माणसांना हे वेगळं सांगायला नको.

तिकडे पाहिलेला एक सोहळा लिहिते. मूल चालायला लागलं की पहाटे तंबूतून त्याला पहिल्यांदा पायांनी बाहेर आणतात. तोवर त्याचे पाय उघड्या जमिनीला लागू देत नाहीत. मुलाच्या हातात खेळण्यातली बंदूक, मुलीच्या हातात छोटी कुऱ्हाड. ते लेकरू झाडापर्यंत चालत जातं, फेरी मारून परत येतं आणि आजी-आजोबांना मिठी मारतं. मला आमच्याकडचं बोरन्हाण आठवलं, पण इथे भर जमिनीशी ओळख करून देण्यावर.

---

नदीकाठ · ११ एप्रिल, रात्री ११.३०

वाचतेय. एकटेपणाचं काय करता, ताई? आणि पुराच्या बातम्या येतात त्या तुमच्या गावच्या का?

---

उत्तरवाट · १३ एप्रिल, सायंकाळी ६.५०

@हिमगौरी, अगदी योग्य भर. धन्यवाद.

@नदीकाठ, बातम्यांत येतं ते बहुतेक काशेचवान. ऑल्बनी नदी दक्षिणेकडून उत्तरेच्या बाजूला वाहते. वरच्या अंगाला बर्फ आधी वितळतं, मुखाशी मात्र अजून घट्ट असतं. वरून आलेले हिमखंड तिथे अडतात, बांध तयार होतो आणि पाणी मागे फुगतं. त्यामुळे जवळपास दर वसंतात तिथल्या लोकांना विमानाने टिमिन्स, कापुस्केसिंगसारख्या शहरांत हलवतात. मुलांची शाळा हॉटेलच्या खोलीत बुडते. गाव उंच जागी हलवायची बोलणी कित्येक वर्षं चालू आहेत.

एकटेपणा आहे. डिसेंबरात शाळेला निघताना अंधार आणि सव्वाचारला सूर्य गेलेला. सगळ्यात जड जातं ते गावात मृत्यू झाला की. शाळा बंद होते, कारण प्रत्येक घराचं नातं असतं. तरुण मुलांच्या आत्महत्यांमुळे २०१६ मध्ये अ‍ॅटावापिस्कॅटला आणीबाणी जाहीर करावी लागली होती, हे आठवत असेल. त्याविषयी मी इथे याहून जास्त लिहिणार नाही. एवढंच, की त्या दिवसांत मी घरी बसत नाही. समाजमंदिरात जाते, चहाची भांडी घासते, कुणाचं लेकरू मांडीवर घेते. काय बोलावं हा प्रश्नच येत नाही, कुणी बोलत नसतं.

---

लिपीवेडा · २२ एप्रिल, रात्री ९.१५

धागा वर काढतो. दागिन्यांची उपमा डोक्यातून जात नाही. एक राहून गेलं: त्या आजी पुढे कधी शाळेत आल्या का? आणि तिसऱ्या वर्षीही मुलं तुम्हाला ‘कधी जाणार’ विचारतात?

---

उत्तरवाट · २४ एप्रिल, रात्री १०.४०

आल्या. गेल्या वर्षी नोव्हेंबरात. लिपीचा तास होता आणि तक्त्यातल्या एका चिन्हावर माझं अडलं. नातवाला म्हटलं, कूकमना विचारून येशील? तो बाहेर पळाला तो त्यांना हाताला धरूनच घेऊन आला. बूट न काढता दारातच उभ्या राहिल्या. मी खडू पुढे केला. त्यांनी हातमोजा काढला, फळ्याशी आल्या आणि ते अक्षर तीनदा काढून दाखवलं. ही अक्षरं त्या आईकडून शिकल्या, प्रार्थनेच्या पुस्तकावरून, शाळेत नेण्याच्या आधी. मग माझं शेजारी लिहिलेलं मराठी बघून त्यांनी विचारलं, हे काय? ‘आजी’, मी वाचून दाखवलं. त्यांनी बोटाने ‘जी’ची वेलांटी गिरवली. दहा मिनिटांनी निघाल्या. त्यानंतर सहा-सात वेळा आल्यात, अजूनही दाराजवळच्या खुर्चीवरच बसतात, आणि दार उघडं ठेवायचं हे मुलांना आता सांगावं लागत नाही.

‘कधी जाणार’ हे दुसऱ्या वर्षीच्या ऑगस्टपासून बंद झालं. परत आले तेव्हा विमानतळावर पुढच्या बाकावरची ती मुलगी काकांच्या गाडीत बसलेली होती. काही बोलली नाही, ओठांनी मागच्या सीटकडे खूण केली, बस म्हणून. इथे बोट दाखवत नाहीत, ओठांनी दाखवतात.

यंदा विचारतायत ते वेगळंच. पक्षी आलेत, काल सकाळी पहिला थवा गावावरून गेला आणि गणिताचा तास तिथेच थांबला, सगळी खिडकीशी. शुक्रवारपासून सुट्टी. नातवाने निरोप आणलाय: स्वतःची सुरी आण, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आण, आणि कूकमसाठी रेड रोज चहाचा मोठा खोका, मागच्या वर्षी छोटा आणला होता तो चार दिवसांत संपला. कॅम्पवर नेट नाही. दोन आठवडे उत्तरं देता येणार नाहीत, प्रश्न लिहून ठेवा. वाचिये (क्रीतला रामराम).